नारिंगी

इनारीच्या सरोवराकाठी, दुकानात,
रिस्तेननं फळीवर चकमकीच्या कांड्या मांडल्या.
एक बोटाएवढी जाड,
एक किल्ल्यांच्या जुडग्यात मावेल अशी,
एकीला रेनडिअरच्या शिंगाची मूठ,
कोरीव, पांढरीशुभ्र.
पर्यटक हीच उचलतात.

"बघ तरी," म्हणाली ती, आणि खर्रकन ओढली.
फळीभर फुलबाजी सांडली.

निल्लासनं बघितलंच नाही.
त्यानं जाड हातमोजे चढवले,
दुकानाच्या त्या उबेत,
आणि डोळे मिटून एकेक कांडी चाचपली.
बारीक निसटली.
शिंगाची फिरली मुठीत.
जाड कांडीची मूठ प्लास्टिकची, नारिंगी,
ओंगळ म्हणावी अशी.
ती तेवढी हातात राहिली.

"किती ठिणग्या लागतात रे तुला?"
"एक पुरते.
पण उणे पस्तीसात,
अंगठा माझं ऐकेनासा झाल्यावर."

खिशातली भूर्जाची साल काढून
तो सुरीच्या पाठीनं खरवडत बसला.
पिसांसारखा भुगा जमला,
पेटवला मात्र नाही.

"शिंगाची का नको?
आन्तेच तर कोरायचा या मुठी."

"हो. त्याच्याकडे अशीच होती.
जूनमध्ये मिळाली, बर्फ उतरल्यावर.
काळ्या रंगावर दोनच ओरखडे.
त्याच्यापासून चार पावलांवर.
पांढऱ्यात पांढरी."

रिस्तेननं पांढरी कांडी उचलून
खणात सरकवली.
मग नारिंगीच्या भोकातून लाल दोरी ओवली,
त्याचं मनगट हातमोज्यासकट धरून
माप घेतलं,
गाठ मारली.