टपाचं माप

नागपूरच्या दुकानात होतं ते चांदीसारखं,
वर स्टिकर : पन्नास किलोच्या वर नको.
पोरगा म्हणाला, मॅडम, विमानाच्या धातूचं आहे.
मी म्हटलं, आम्हाला उडायचं नाही,
डोंगा न्यायचा आहे,
पत्र्याचा, चौदा फुटी, कोरडा असला तर पंचावन्न,
आणि तो कोरडा कधीच नसतो.
मोबाईलवर फोटो दाखवला
तर विचारतो, हे गुरांचं टाकं आहे का?

साकोलीत, बब्बू मिस्त्रीच्या शेडमध्ये,
दुसरंच टोक.
दीड इंची अँगल, चारही बाजूंनी कठडा,
मधे जाळी, मागं शिडी,
समोर भोंग्यासाठी फळी.
"शंभर वर्सं हालत नाही, बाई."
"वजन?"
"असंल चाळीस."
"चाळीस किलोचं कॅरिअरच,
मंग डोंगा का मी डोक्यावर नेऊ?"
ओम्नी आमची तिसऱ्या हातची,
टपावर टिचकी मारली तरी डब्यासारखी वाजते.

भोकं पाडू म्हणाला. नाही म्हटलं.
भोक पडलं की पाणी येतं,
हे ढिवराच्या घरात शिकवावं लागत नाही.
कडेला पन्हाळ आहे, दोन बोटांची,
तिलाच धर, चिमट्यानं,
खेकडा धरतो तसं.

तो गाडी मोजत राहिला,
खडूनं फरशीवर आकडे मांडत :
लांबी, रुंदी, पायापायातलं अंतर.
मग कंबर धरून उभा राहिला. झालं.

शकुन इतका वेळ जुन्या टायरवर बसून
बोरं खात होती.
म्हटलं, आता हिचा हात मोज.
"हात? हात कायले?"

शकुन चार फूट आठ.
पंचफुला तिच्याहून चार बोटं जास्त, मी त्यांच्या मधली.
पहाटे तलावावर आम्ही तिघीच असतो,
बेशरम उपटायला, गाद आणि चिला लावायला,
मरळ परत यावी म्हणून.
गडी माणसं नऊला येतात, सह्या करायला.
डोंगा आम्हीच चढवणार, आम्हीच उतरवणार,
आणि तुझा कठडा, बब्बूभाऊ, तुझ्या उंचीचा.

शकुन उठली. बोराचे हात लुगड्याला पुसले,
एक वर केला.
बोटांची टोकं पन्हाळीच्या वर जेमतेम वीतभर.
बब्बूनं फीत तिथपासून जमिनीपर्यंत सोडली,
वाकून आकडा वाचला,
आणि लगेच लिहिला नाही.

मग कठडा गेला. जाळी गेली.
भोंग्याची फळी गेली,
तिच्यावर त्याचा फार जीव होता.
राहिल्या तीन दांड्या, सहा चिमटे,
आणि सगळ्यात मागच्या दांडीवर
सैल घातलेला दुसरा पाईप, गरागरा फिरणारा :
डोंग्याचं नाक त्यावर टेकवायचं
आणि मागून रेटायचं फक्त.
ही युक्ती पंचफुलाची. पोळपाटाशी बसल्या बसल्या सुचली म्हणते,
खरं तर वडशाच्या आरामशीनवर पाहिली होती.

बत्तीसशे झाले. रंग काळा,
ओला होता तेव्हाच निघालो,
तिघींच्या तळव्यांना अजून आहे थोडा.

आता लाखांदूर रोडनं डोंगा जातो पालथा,
मागं लाल पोलक्याची चिंधी,
आत अडकलेल्या शेवाळाचं पाणी
समोरच्या काचेवर ओघळत,
वायपर एकच चालतो, तोही माझ्या बाजूचा नाही.
फाट्यावरची पोरं ओरडतात,
"ओ बाई, तलाव तिकडं राह्यला!"

आठवड्यानं बब्बू आला बांधावर,
सायकलनं, अंधारातच.
बोलला नाही. मदतीलाही आला नाही,
तेवढं कळलं होतं त्याला.
डोंगा चढताना पाहिला, एकदा, दोनदा,
मान तिरपी करून ऐकला.
"पाईप घासते," म्हणाला. "वायसर पाह्यजे."
आणि खिशातून काढला,
तेल लावलेला, कागदात गुंडाळलेला.