दबायला जागा

उद्यमबागेत, फाउंड्रीमागच्या बोळात
टोपाण्णा स्प्रिंग दाखवायच्या आधी वजन विचारतो.
"बहात्तर," म्हटलं. "सगळ्यात कडक द्या,
चोर्ल्यात गाडी खाली टेकते."

"मागं कोण?"
"मंगळवारी आई. डायलिसिसला."
"किती?"
"आता अडतीस."

आत गेला. ओतीव ब्रॅकेटं तोलून
अडतीस किलोचं पोतं मागच्या सीटवर बांधलं,
मला पुढं बसवलं,
शाळेच्या पट्टीनं चाकापासून अंतर घेतलं,
पोराला आकडा कन्नडात सांगितला.

"कडक स्प्रिंग खड्डा खात न्हाई रे,
वर बसलेल्याला देतीय."

पिवळ्या ठिपक्याची जोडी बसवली. मधली.

पिरनवाडीच्या गतिरोधकावर
गाडी वाकली, उठली,
गोष्ट ऐकणाऱ्याच्या हुंकारासारखी.

पोतं मागंच होतं.
सोमवारपर्यंत आणून दे, म्हणाला.