तेवीस

यंत्र म्हणालं तेवीस.
यंत्राला काय कळतं, म्हणाला वेंडेलिन, माझा बाप,
आणि गवताची बट पिळून पाहिली
डाव्या हातानं. उजवा मार्चपासून
खिशातच असतो, उसन्या आणलेल्या वस्तूसारखा.

बट मोडली नाही. वळली फक्त.
दोघांनीही ते पाहिलं
आणि दोघांनीही मान वर केली:
कानिसफ्लूचं टोक ढगात गेलं होतं.

अठरा हवं होतं. अजून एक दुपार हवी होती.
मुरघास आमच्या खोऱ्यात चालत नाही,
चीजवाला दूध परत पाठवतो.
मग भरलं सगळं माळ्यावर, अंधार पडेपर्यंत.
खाली अकरा गायी, वर त्यांचा हिवाळा.

आईची रीत आठवली उशिरा, भांडी घासताना:
काचेची बरणी, मूठभर गवत, चमचाभर मीठ,
झाकण लावून खळखळवायचं.
मीठ सुटं राहिलं तर भरा,
गोळा झालं तर थांबा.
खळखळवली.
मीठ काचेला चिकटून बसलं.
मी बरणी धुऊन पालथी घातली.

कापलेलं गवत लगेच मरत नाही.
ओल असेतो श्वास घेतं,
आणि त्या श्वासाच्या उबेला
वाट सापडत नाही.
नवव्या दिवशी वास आला, गोड,
तंबाखूचा, करपल्या साखरेचा.
गायींनी नाकं वर केली. त्यांना आवडतो तो.

मग सळई. आजोबांच्या वेळची, दोन पुरुष लांब.
गंजीत खुपसून ठेवायची, काढायची, तळव्यात धरायची.
वर्षानुवर्षं बाप धरायचा आणि एकच शब्द बोलायचा:
झोपा.

त्या रात्री त्यानं उजवा हात खिशातून काढला,
डाव्यानं उचलून सळईवर ठेवला,
बोटं एकेक करून मिटली.
"गार आहे," म्हणाला.
मला दिसत होती तळव्याची कातडी, लाल होताना.

अग्निशमन दलात गावातलेच बाराजण,
त्यातला एक पाववाला, एक माझ्या वर्गातला गेबहार्ड.
पाण्याचे पाइप सज्ज ठेवून
पहाटेपर्यंत गवत अंगणात फेकत राहिले:
वर हिरवं, मग तपकिरी,
मध्ये काळं, धुमसणारं.

बाप बाकावर बसून होता, हात बादलीत.
"किती म्हणालं होतं गं ते यंत्र?"
"वीस," मी म्हटलं.