दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

सदरमध्ये, चष्म्याच्या दुकानाच्या माथ्यावर
पिल्लेअण्णांचं दुकान. पाटी कधीच नव्हती.
जिन्याची पाचवी पायरी मोडकी,
न बघता ती ओलांडता आली
की तुम्ही गिऱ्हाईक.

कामठीच्या छावणीतून बदली झालेल्यांनी
टाकून दिलेल्या रेकॉर्डी,
अजनीच्या रेल्वे क्वार्टरांतून पोत्यात भरून आलेल्या.
कव्हरवर अरुंद टायवाली चार पोरं
भिंतीला टेकून उभी,
बस चुकली आहे आणि कुणाला त्याचं काही नाही.
त्यांची नावं आम्ही ऐकली नव्हती,
त्यांच्या गावानं तरी कुठं ऐकली असतील.
अण्णा फुंकर मारून सुई ठेवायचे :
"खपला नाही हा माल. ऐका गुमान."

तीन मिनिटं. वर काही नाही.
गिटार अशी, की स्टीलचं झाकण
फरशीवर पडून गोल गोल वाजत राहावं.
चाल इतकी गोड की ऐकताना चोरट्यासारखं व्हावं,
आणि मागून ड्रम, दार ठोठावणारे,
उघडा, उघडा, ती निघाली आहे स्टेशनवर.
याला पॉवर पॉप म्हणतात
हे वीस वर्षांनी कळलं.
तेव्हा आम्ही म्हणायचो, उड्यांची गाणी.

मग आमच्यातलेच चौघं उठले.
एर्विन, गार्डसाहेबांचा, पाच तारांची गिटार.
तारिक मोमिनपुऱ्याचा,
बेस उधारीवर, हप्ते अजून बाकी.
प्रियदर्शी मेश्राम, इंदोऱ्याच्या मिरवणुकीत
ताशावर मनगटं कमावलेला.
आणि हेमराज भोयर,
बोलताना अडखळायचा, गाताना नाही.
बँडचं नाव लूप लाइन :
मेल पुढं जाऊ द्यायची म्हणून
जिथं पॅसेंजर थांबवतात ती.

मे महिना, सत्त्याऐंशी. मोहननगर.
गाद्या भिंतींना, कूलर बंद,
कारण त्याची घरघर टेपमध्ये यायची.
सेहेचाळीस डिग्रीत बनियनवर
अर्धं इंग्रजीत, आणि इंग्रजी संपलं की
"काहून गेली वं तू, सांगून तं जाचं होतं."

मी शेजारची. टाळ्यांना हात कमी पडले
म्हणून बोलावलेली.
दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं, शेवटचा कोरस,
आठ टाळ्या, जोडीजोडीनं.
सहावी जराशी उशिरा पडते.
माझी.
मी हेमराजकडं बघत होते.

तो वरचा सूर उचलतो,
आणि लाइट जाते.
कोराडीची धुराडी गच्चीवरून दिसायची आम्हाला,
वीज मात्र आमच्या डोक्यावरून कुठंतरी जायची.
अर्ध्या शब्दावर एक चिरकी किंचाळी,
मग नुसती फीत.
पुन्हा गाऊ म्हणाले. पण कॅसेट एकच होती
आणि गार्डसाहेबांची ड्युटी संपत आली होती.

दोनशे प्रती. खपल्या अकरा.
उरलेल्यांवर लोकांनी
कुणी भजनं भरली, कुणी बारसं, एकीवर माझं लग्न.
मंगलाष्टकं संपतात, वाजंत्री संपते,
मग फीत उरली आहे तिथं
चार सेकंद प्रियदर्शी.
यांनी एकदा विचारलं, हे काय आहे?
म्हटलं, शेजारचं काहीतरी.

एर्विन पर्थला. तारिक गेला, किडनी.
प्रियदर्शी वीज मंडळात लागला,
लाइट गेली की अख्खी वस्ती त्यालाच शिव्या द्यायची.
हेमराजचं मला विचारू नका.

परवा भाचा आला, कानात बोंडं,
बाराव्या प्रतीवरून कुणीतरी उतरवून ठेवलेलं.
म्हणतो, "मावशी, काय शेवट आहे!
ऐन सुरावर तोडायचं, असलं डोकं
आपल्या नागपुरात होतं कुणाला?"

मी पोह्यांवर तर्री वाढत होते.
सांगणार होते, लोडशेडिंग होतं बावा.
नाही सांगितलं. म्हटलं,
थोडं मागं घे.
टाळ्या मोज.