तिसरी प्रत

सात हार्ड डिस्का. नावं माशांची ठेवलीत,
कारण आकडे माझ्या लक्षात राहत नाहीत
(आणि पेपर मिलच्या लॅबमध्ये मी तीस वर्षं आकडेच लिहिले).
हौकी, आहवेन, सीका, लोही, सार्की, कुहा.
सातवी माडे. ती परवापासून
टिक् करते, थांबते, पुन्हा टिक्.
कुणी दाराशी उभं राहून नखाने वाजवावं
आणि ये म्हटलं तर येऊ नये, तसं.

बाहेर उणे एकोणीस. केमीची खाडी
पार दीपगृहापर्यंत गोठलेली.
टेबलावर वायरींचा गुंता, लेबलं, कॉफी,
आणि एक वही: कशात काय आहे.
निम्म्या पानांवर प्रश्नचिन्हं.

तुक्काचं लग्न, जुलै दोन हजार नऊ.
अंतिम.
अंतिम दोन.
अगदी अंतिम.
अंतिम, आवाज दुरुस्त.
हेच खरं अंतिम, बाकीची उघडू नयेत.
उघडलं.

सगळं लाल.
पट्टीवर एकशे बारा तुकडे, जागच्या जागी,
चित्र एकातही नाही.
आता कळतंय, प्रोजेक्टच्या फाइलमध्ये चित्र नसतंच कधी.
पत्ता असतो फक्त:
अमुक डिस्क, अमुक फोल्डर,
इतक्या सेकंदापासून इतक्यापर्यंत.
आणि पत्ता माडेचा.

मी लाल तुकडे मोजत बसले.
दोन सेकंद. तीन. दीड. दोन.
मला लांबण लावलेली खपत नाही, हात माझा कापरा.
मग मध्येच एक अकरा सेकंदांचा.
अकरा!
काय पाहत बसले असेन मी अकरा सेकंद?
वर माझीच खूण, माझ्याच अक्षरांत:
"ओइवा. कापू नये."

ओइवा शेजारचा.
दोन घरांत मिळून एक लाकडी धक्का,
त्याची शेवटची फळी कुणाची, यावरून
दहा वर्षं अबोला.
बर्फ उपसतानासुद्धा आम्ही
एकमेकांच्या फावड्याचा आवाज थांबायची वाट पाहतो.

पण लग्नानंतर कच्च्या फितींची एक प्रत
मीच त्याला नेऊन दिली होती.
एक आपल्या घरात, एक कपाटात, एक दुसऱ्याच्या घरात:
आग लागली तर, पाणी शिरलं तर.
भांडण झालं तर, हे कुठल्याच नियमात नव्हतं.

खिशात वायर घालून गेले.
त्याने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं,
मग वायरीकडे.
काही न बोलता तळघरात उतरला
आणि बटाट्यांच्या फडताळातून
एक लोकरी मोजा घेऊन आला, तोंडाशी गाठ मारलेला.
"थंडीने खराब होतात म्हणे," म्हणाला.
दहा वर्षांतलं पहिलं वाक्य.

त्याच्याच स्वयंपाकघरात जोडली.
संगणकाने विचारलं: सापडत नाही, कुठे आहे दाखवा.
दाखवलं.
लाल एकेक करून विझत गेलं.
मार्युतचा बूट. केकची सुरी. कुणाचा तरी कुत्रा.
मग ते अकरा सेकंद:

अंगणातलं लांब टेबल, माणूस एकही नाही,
समुद्रावरचा वारा टेबलक्लॉथ उचलतोय,
आणि डावीकडून एक हात येतो,
एका कोपऱ्यावर दगड ठेवतो.
दुसऱ्यावर.
तिसऱ्याला हात पुरत नाही,
तो अख्खा चौकटीत येतो, खांद्यापासून,
आणि कॅमेरा चालू आहे हे कळून ओशाळतो.

"हे कशाला ठेवलंस?" ओइवाने विचारलं.
मी म्हटलं, आठवत नाही.
खरंच आठवत नव्हतं.

संध्याकाळी नवी डिस्क घेतली, तीन प्रती काढल्या.
तिसरी त्याच्याकडे, त्याच मोज्यात.
त्याने विचारलं, हिचं नाव काय?
माझ्याकडचे मासे संपले होते.
तो म्हणाला, "किवी."
किवी म्हणजे दगड.

वहीत एक प्रश्नचिन्ह खोडलं.
धक्क्याचं कुणीच काही बोललं नाही.