तीन हात खडक

मोहननगरच्या चर्चमागच्या खोलीत
शनिवारी चारला नऊ माणसं आली.
पंखे दोन, चालू एक.
फळ्यावर मी टेकडी काढली
आणि सांगितलं, ही माणसांनी केली,
राहून राहून.
घर पडलं, त्यावर घर.
गाव जळालं, त्यावर गाव.
चूल, राख, पुन्हा चूल.
तिकडे अशा टेकाडाला तेल म्हणतात
(हसू नका, फोडणीचं नव्हे),
आपल्याकडे शब्द जुनाच आहे: पांढरी.
काळीत पेरायचं, पांढरीत नांदायचं
आणि पांढरी उंच होत जाते
कुणाच्या ध्यानात न येता.

मी खात्यात तीस वर्षं नकाशे काढले.
कुहीकडे अडम नावाचं गाव आहे,
तिथल्या खड्ड्यात उकिडवं बसून
खापरांच्या कडा पेन्सिलीनं गिरवल्या.
गावाचं नाव ऐकून बायको म्हणाली होती,
आदामापर्यंत पोचलात,
आता हव्वेला भाजी आणून द्या.
यरीहो, लाखीश, मगिद्दो
मी पाहिलेले नाहीत.
पासपोर्ट काढला होता. कोराच संपला.
पण खापर मला कळतं.
राजा दगडावर वाढवून लिहितो,
मडक्याच्या कडेला ते जमत नाही.

शुलमिथबाईंनी हात वर केला.
"मास्तर, यरीहोची भिंत?"

मी पंख्याकडे पाहिलं.
म्हटलं, भिंती सापडल्या. एकीवर एक, पुष्कळ.
पडलेल्यासुद्धा.
पण आपण शोधतो त्या काळच्या थरात
बहुतेकांना ती दिसत नाही.
पंडितांचं भांडण अजून चालू आहे.

"मंग पडलीच नाही काय जी?"

बाई, मला माहीत नाही.

एवढं वाक्य शिकायला मला
सगळी नोकरी लागली.
त्यांनी पिशवीतून संत्रं काढलं
आणि सोलू लागल्या, माझ्याकडे न बघता.

मग मी बोगद्याकडे वळलो,
वाटलं, इथं तरी पाय टेकतील.
यरुशलेमात पाणी आत आणायचं होतं, झरा तटाबाहेर.
दोन टोळ्या दोन टोकांनी खडकात शिरल्या.
दिव्याचा धूर, वेडीवाकडी वळणं,
चुकून खणलेल्या आणि सोडून दिलेल्या वाटा.
पुढे कितीतरी शतकांनी
पाण्यात खेळणाऱ्या एका पोराला
भिंतीवर अक्षरं दिसली.
सहा ओळी.
जेवढ्या उरल्यात त्यात राजाचं नाव नाही,
देवाचंही नाही.
तीन हात खडक उरला होता
तेव्हा पलीकडून
एका माणसाची हाक ऐकू आली, असं लिहिलंय.

मागच्या बाकावरून बर्णबा मेश्राम उठले.
सिल्लेवाड्याच्या कोळसा खाणीत एकतीस वर्षं.
चर्चमध्ये आमेनसुद्धा ओठातल्या ओठात म्हणणारा माणूस.
"हाव, येते आवाज," ते म्हणाले.
"पयले टिकावाचा येते. मंग माणसाचा.
कोन हाय थे समजत नाही.
हाय, एवढं समजते.
मंग आपुनबी जोरात हानतो."
आणि बाकाच्या फळीवर
बोटाच्या पेरांनी वाजवून दाखवलं,
दोनदा, थांबून एकदा.

खोलीत कुणी बोललं नाही.
शुलमिथबाईंनी फोडी वाटल्या.
मलाही दिली एक, बिया काढून.

पुढच्या शनिवारी काटोल रोडनं जुनापाणीला जाऊ,
मी म्हटलं, आपल्याच मातीतली दगडी वर्तुळं बघू,
कुणी कुणासाठी मांडली विचारू.
बसभाडं ज्याचं त्यानं.

फळ्यावरची टेकडी पुसायची राहिली.
सोमवारी तिथं बालवाडी भरते,
कुणीतरी तिच्यावर
घर काढेल.