चौथ्या पानावरचा शब्द

गेट्सहेडच्या ग्रंथालयात, वरच्या मजल्यावर,
अकराला लहान मुलांचा गोष्टींचा तास असतो.
मंगळवारी त्याआधी ती खोली आमची.
खुर्च्या ठेंगण्या, गुडघे हनुवटीशी येतात.
त्यामुळे असेल, इथे कुणाचाच रुबाब टिकत नाही,
प्राध्यापकांचासुद्धा.

आम्हाला 'लोक' म्हणतात.
संशोधनात लोकांचा सहभाग हवा असं ठरलं,
तेव्हा जे आले, ते.
डोरीन, जिचा मुलगा मोटारसायकलवरून...
एवढंच सांगते ती. वाक्य पुरं करत नाही.
तोफज्जल, ज्यानं आपलं हॉटेल विकलं
आणि आता आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसच्या खुर्चीला विकलेत.
आणि मी. बस चालवायचो.
सात वर्षांपूर्वी यकृत मिळालं, कुणाचं ते ठाऊक नाही.
मी डोरीनच्या समोर बसायचं टाळतो.

आज ओल्वेननं मसुदा आणलाय.
जी यकृतं कुणालाच बसवता आली नाहीत
ती यंत्रावर उबेत ठेवायची, त्यांतून रक्त फिरवायचं,
कुठे बिनसलं ते बघायचं.
चांगलं काम. आम्ही माना डोलावल्या.
मग चौथं पान, सहावी ओळ:
'टाकून दिलेले अवयव'.

डोरीननं चष्मा काढून मांडीवर ठेवला.
"मी काही टाकून दिलं नव्हतं," म्हणाली.
"रात्री अडीचला सही केली. त्यांच्याच पेननं.
माझं पेन चालेना."

ओल्वेन म्हणाली, हा शास्त्रातला रूढ शब्द आहे,
सगळीकडे हाच...
आणि थांबली. कान लाल झाले तिचे.
वय तिशीचं, त्या मुलाचं आज असतं तेवढंच.

मग शब्द शोधू लागलो.
'न वापरलेले'? फ्रिजमधल्या दह्यासारखं वाटतं.
'अयोग्य'? नापास पोरासारखं.
'उरलेले', असं प्राध्यापक म्हणाले
आणि स्वतःच खोकले.

दहा वाजले. माझा फोन वाजला.
गोळी घेतली, गार चहाबरोबर.
शरीराला रोज दोनदा पटवावं लागतं
की हा पाहुणा घरचाच आहे, बाहेर काढू नकोस.
तेवढा वेळ कुणी बोललं नाही.

तोफज्जलनं बिस्किटाचा कागद घडी घालून घालून
नखाएवढा केला होता.
"मला दोनदा फोन आला," तो म्हणाला.
"दोनदा बॅग भरली. दोनदा पुलाच्या मध्यावरून परत.
खाली टाईन वाहत होती, बायको गप्प होती.
ती मूत्रपिंडं कुणी टाकली? कुणीच नाही.
ती निघाली होती माझ्याकडे.
पोहोचली नाहीत."

ओल्वेननं लिहिलं: 'वाटेत राहिलेले'.
मग बराच वेळ त्याकडे बघत बसली.
समिती हे मान्य करणार नाही, म्हणाली.
खोडलं मात्र नाही.

दाराच्या काचेला नाकं चिकटली होती,
मुलांची, सर्दीची, अकरा वाजायच्या घाईतली.
आम्ही उठलो. उठताना सगळ्यांचेच गुडघे वाजले.
इतिवृत्तात नोंद झाली:
पान चार, ओळ सहा. शब्द शिल्लक.

बसथांब्यावर डोरीन माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.
"तुमचं कधीचं?" तिनं विचारलं.
तारीख सांगितली.
माझा हिशेब झाला होता कधीच,
पहिल्याच बैठकीनंतर, स्वयंपाकघरात, कॅलेंडर उतरवून.
तिनं बोटं मोजली. हातमोज्यातून, हळूहळू.
"नाही," ती म्हणाली.
"नाही," मी म्हणालो.

तिची बस आली. दार उघडलं.
ती चढली नाही.
ड्रायव्हरनं जरा वाट पाहिली, मी पाहायचो तशीच,
मग दार लावून निघून गेला.